विन्सेंट अंकलनी बसवलेला कंप्रेसर

मरोळ गावठाणातल्या एखाद्या लग्नात पेट्रिशिया आंटीचा केक दिसला नाही, तर म्हातारी माणसं हळूच विचारायची, "काय रे, मिस्किटांशी बोलणं बंद आहे का तुमचं?" इतकं ते ठरून गेलं होतं. माझे आईवडील मिस्किटांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. लग्नानंतर मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, पण त्या घरातलं येणंजाणं सुटलं नाही. त्यांची मुलगी एलेन माझ्या वर्गातली. त्यामुळे ही हकिगत मला कधी एलेनकडून, कधी खुद्द विन्सेंट अंकलकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेली.

विन्सेंट मिस्किटा म्हणजे आंटीचे मिस्टर. उंच, काटक, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आइस्क्रीमचा एक कारखाना होता, तिथल्या शीतगृहाचे ते मुख्य फिटर. अमोनियाच्या मोठ्या मशीनचा आवाज जरा बदलला की कँटीनमध्ये हातातला घास खाली ठेवून उठायचे. हाताखाली माणसं होती. त्यातला एक धोंडिराम. सांगोल्याकडून आलेला, हेल्पर म्हणून लागलेला. पाना कसा धरायचा इथपासून अंकलनी त्याला शिकवलं. तो त्यांना उस्ताद म्हणायचा.

मग कारखाना बंद पडला आणि त्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. धोंडिरामने गाड्यांच्या एसीचं काम शिकून घेतलं आणि साकीनाक्याला एका बोळात गाळा टाकला. अंकल मात्र घरी बसले.

घरी बसलेल्या माणसाला शेवटी आंटीने काम दिलं. तिच्या आईच्या वेळचे केक टणक असायचे. आत रममध्ये मुरवलेला सुकामेवा, त्यावर बदामाचा थर, त्यावर पांढरीशुभ्र कडक आयसिंग. असा केक बैलगाडीतून नेला असता तरी जागचा हलला नसता. पण पुढे मुलींना मऊ केक हवे झाले. बटरक्रीमचे, आत आंब्याचा गर, वर नाजूक फुलं. ते केक उन्हाला घाबरायचे. म्हणून अंकलनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, पुढेमागे दोन्हीकडे गार हवा देणारी. मधल्या सीटा काढल्या, खाली प्लायवूड टाकून पाणसळीने सपाट केलं, त्यावर रबराची चटई, आणि प्रत्येक थर न सरकता बसेल अशी लाकडी चौकट. गाडी स्पीडब्रेकरवरून अशी उतरवायचे की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये.

लोक त्यांना 'केकवाले मिस्किटा' म्हणायला लागले. ते हसायचे. पण एकदा माझ्या वडिलांना म्हणाले होते, "मी पूर्वी माणसांना ऑर्डर द्यायचो. आता पॅटच्या ऑर्डरी पोचवतो."

आंटीचं माहेर मनोरीचं. तिच्या भावाची मुलगी जोॲन. तिच्या बाप्तिस्म्याचा केक आंटीनेच केला होता, पहिल्या कम्युनियनचाही. आता तिचं लग्न शेर्विन नावाच्या मुलाशी ठरलं, ईस्टरनंतर, ऐन मे महिन्यात. जोॲनने गळ्यात पडून सांगितलं, "आंटी, चार मजली हं. आणि वर आपल्या मनोरीच्या घरासमोर आहेत ना, तशी अनंताची फुलं."

आंटी त्या दिवसापासून साखरेच्या फुलांना लागली. एकेक पाकळी कागदासारखी पातळ लाटायची, कडेला बोटाने नागमोड द्यायची, सुकायला ठेवायची. दिवाणखान्यातलं कपाट त्या फुलांनी भरत गेलं. पंखा लावायला बंदी. आम्ही गेलो की घामाघूम होऊन बसायचो आणि तरी कुणी कुरकुर करायचं नाही, इतकी ती फुलं सुंदर होती.

त्याच सुमाराला व्हॅनचा एसी खरखरू लागला. चालू केला की इंजिनाच्या बाजूने सुपारी दळल्यासारखा आवाज, आणि हवा कधी गार, कधी नुसतीच वाऱ्यासारखी. अंकलनी एकदा गॅस भरून घेतला. आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. शेवटी आंटीच म्हणाली, "धोंडिरामकडे दाखव ना. त्याचं रोजचं काम आहे."

अंकल गेले. शनिवार होता, गाळ्यात गर्दी होती. रिक्षावाले, दोन टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर, चहा पिणारी पोरं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली स्टुलावर बसून धोंडिराम एक पाइप तपासत होता. उस्तादांना बघून उठला, खुर्ची पुसून दिली. मग बॉनेट उघडून वाकला, आवाज ऐकला, लाइनमधलं, म्हणजे गॅसच्या पाइपांमधलं, थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि उजेडात धरलं.

"कंप्रेसर आतून स्वतःलाच खातोय, उस्ताद," तो म्हणाला. "हे बघा, तेलात चमक आहे. धातूचा चुरा सगळ्या लाइनभर गेला असणार. नवीन कंप्रेसर टाका. पण नुसता टाकून भागणार नाही. लाइन धुवावी लागेल, ड्रायर बदला, वॉल्व्ह बदला. कंडेन्सर पण बदलला तर उत्तम. गाडी सोडून जा माझ्याकडे."

"एवढं कशाला? कंप्रेसर बदलला, लाइन फुंकून घेतली की झालं."

"फुंकून नाही जात तो चुरा. नव्या कंप्रेसरला पण खाईल."

"वॉल्व्ह म्हणजे काय ते तुला मी शिकवलंय, धोंड्या."

धोंडिराम हसला. आजूबाजूला बघून जरा मोठ्यानेच बोलला, "उस्ताद, ते तुमचं अमोनियाचं धूड वेगळं. हातोडी मारली तरी चालायचं. ही गाडी आहे. इथे तुमचं जुनं चालणार नाही."

पोरं हसली. एक ड्रायव्हरही हसला. अंकलनी बॉनेट खाली घेतलं, "बघतो" म्हणाले आणि गाडी काढून निघून आले.

एलेन सांगते, घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका भंगारवाल्याकडून तशाच गाडीचा जुना कंप्रेसर घेऊन आले. तो कंप्रेसर तसा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. फिरवून पाहिला, सुरेख फिरत होता. अंगणात गोणपाट टाकून अंकल व्हॅनखाली शिरले ते संध्याकाळीच बाहेर आले. कोपरं सोललेली, चेहऱ्यावर काळं तेल, आणि कितीतरी वर्षांनी डोळ्यांत कारखान्यातली चमक. लाइन त्यांनी हवेने फुंकून घेतली. लाइनमधली ओल आणि कचरा धरणारा ड्रायर जुनाच ठेवला. मरोळ नाक्यावरच्या एकाकडून गॅस भरून घेतला.

आणि गाडी गार झाली. अशी गार की अंकल आंटीला घेऊन पवईच्या तलावापर्यंत चक्कर मारून आले, तर आंटी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून उतरली. मी त्या दिवशी आईकडे होते, तर वर दारात येऊन मला म्हणाली, "शुभा, तुझ्या अंकलनी फ्रिज केलाय गाडीचा." अंकल मागे उभे होते. इतके सुखात होते की आईने त्यांना बळेबळे दोन लाडू खायला लावले.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं अंकलनी मला सांगितलं ते बऱ्याच महिन्यांनी.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते अंधेरीहून लोणी आणि साखर घेऊन परत येत होते. फ्लायओव्हरवर गाड्या अडकल्या होत्या. अचानक तोंडावरची हवा कोमट झाली. बॉनेटखालून बारीकसा खर्र आवाज आला. गाड्या हलल्या, हवा पुन्हा गार झाली, आवाज बंद. अंकलनी स्टिअरिंगवर हात तसेच ठेवले. "मला कळलं होतं गं," ते म्हणाले. "तसा आवाज मी जन्मभर ऐकला होता. पण मी स्वतःला म्हटलं, ऊन आहे, ट्रॅफिक आहे, होतं असं. धोंड्याकडे परत जायचं म्हणजे त्या पोरांसमोर जायचं."

घरी येऊन त्यांनी सामान उतरवलं आणि फ्लायओव्हरचं कुणाला सांगितलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चारही थर तयार झाले. आंटीच्या मनात धाकधूक होतीच. मनोरीला गाडीने जायचं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा. उलट मालाडच्या मार्वे जेटीवरून होडी पटकन पलीकडे जाते. फक्त गाडी होडीत चढत नाही. आंटीच्या भावाचा मुलगा वेन फोनवर म्हणाला, "मी जेटीवर चार पोरं घेऊन येतो, आंटी. एकेक थर हातात धरून नेऊ. पलीकडून माझ्या मित्राचा टेम्पो आहे."

आंटीने फोन हातात धरूनच विचारलं, "विन्सेंट, खरं सांग. गाडी नीट आहे ना? नाहीतर मी होडीने नेते."

"गाडी झकास आहे," अंकल म्हणाले. "होडीत कशाला? एखाद्याचा पाय घसरला तर? मी आहे ना."

आंटीने वेनला नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून ते निघाले. अंकल चालवायला, पुढे एलेन, मागच्या छोट्या सीटवर केकजवळ आंटी. फुलं वेगळ्या खोक्यांत, कापसावर. हायवेला गाडी गार होती. दहिसरच्या नाक्यावर रांग लागली आणि हवा कोमट झाली. पुढे गाडी पळाली तशी जरा थंड झाली. एलेन म्हणाली, "डॅडी, हवा कमी येतेय का?"

"नाही गं. ऊन वाढलंय."

काशिमिऱ्याला रस्ता खोदून ठेवला होता. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तिथे तो आवाज आला. आधी खरखर, मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, आणि मग रबर जळल्याचा वास. एसीचा वेगळा बेल्ट होता, तो तुटला. इंजिन चालू राहिलं, गाडी चालू राहिली, पण झरोक्यांतून गरम हवेचा झोत आला. अंकलनी घाईघाईने बटण बंद केलं.

 आंटीने एक पुठ्ठा घेतला आणि केकला वारा घालायला लागली. खिडक्या उघडाव्यात तर धूळ, बंद ठेवाव्यात तर भट्टी. अंकल बाजूच्या रिक्षावाल्यांना हात जोडून वाट मागत होते. भाईंदर मागे पडेपर्यंत सगळ्यात खालच्या थराची कड फुगून आली होती. दुसरा थर एका बाजूला कलला. आंब्याचा गर एका फटीतून ओघळू लागला, तर आंटीने तो बोटाने निपटला आणि बोट आपल्या साडीला पुसलं. लग्नाला म्हणून नेसलेल्या साडीला.

उत्तनला पोचल्यावर अंकलनी एका घरासमोर गाडी थांबवली. दारात कोळीण थर्माकोलच्या पेटीत मासळीसाठी बर्फ भरत होती. "बाय, थोडा बर्फ दे, केक आहे लग्नाचा," असं म्हणून त्यांनी घमेलंभर बर्फ आणला आणि मागचं दार उघडलं. बर्फाबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, सारा जन्म थंडीतच गेलेला. पण त्या क्षणी त्यांना फक्त वितळणारं क्रीम दिसत होतं.

"विन्सेंट, नको! ओल नको आत," आंटी ओरडली.

"नुसता खाली ठेवतो, पॅट. गार होईल जरा."

ठेवला. क्रीम थोडं धरलंही असेल. पण बंद गाडीत त्या बर्फाची ओल पसरली, आणि साखरेची फुलं ओलीपुढे टिकत नाहीत. मनोरीला पोचून खोकी उघडली तेव्हा पाकळ्या एकमेकींना चिकटून काचेसारख्या झाल्या होत्या. हात लावला की तुटत नव्हत्या, लोळागोळा होत होत्या.

माहेरच्या स्वयंपाकघरात आंटीने दार लावून घेतलं. एलेन आत होती. ती सांगते, मम्मी रडली नाही. चार थरांतले दोन बाजूला ठेवले. उरलेल्या दोन थरांचं क्रीम खरवडून, फ्रिजमध्ये ठेवून, पुन्हा सुरीने सारखं केलं. वर लावायला फुलं नव्हती, म्हणून वेनने अंगणातली अनंताची खरी फुलं तोडून आणली. ठेंगणा, जरासा वाकडा, पण केक उभा राहिला.

जोॲन पांढऱ्या पोशाखात हसतच आली. केक बघितला आणि अगदी क्षणभर थबकली. लगेच आंटीला मिठी मारून म्हणाली, "किती छान, आंटी! खरी फुलं!" ग्लास उंचावून नवराबायकोसाठी टोस्ट झाला, बँड वाजला, केक कापला गेला. फोटोवाल्याने खूप जवळून फोटो घेतले, म्हणजे उंची दिसू नये. पाहुण्यांत कुजबुज होतीच. अंकल एका खुर्चीजवळ उभे होते. कुणी विचारलं तर सांगत होते, "काशिमिऱ्याला जाम होता हो भयंकर." खोटं नव्हतं ते. पण तेवढंच सांगत होते.

नाच सुरू व्हायच्या आत आंटी म्हणाली, "चला." अजून उजेड होता. खिडक्या उघड्या टाकून ते निघाले. उत्तनच्या पुढे आल्यावर आंटीने मागून विचारलं, "तुला माहीत होतं?"

अंकलनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "एकदा गरम झाली होती. गेल्या आठवड्यात. फ्लायओव्हरवर."

"मग काल मी विचारलं तेव्हा का नाही बोललास? मी होडीने नेला असता."

बस्स, एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं अंकल मला म्हणाले. घरी येऊन तिने ओट्यावरची भांडी घासली, केकचे साचे पुसून पोटमाळ्यावर ठेवायला दिले आणि झोपायला गेली.

त्यानंतर आंटीने लग्नाचा केक घेतला नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "आता हात कापतात गं." एलेन आणि मी एकमेकींकडे बघायचो. नाताळात त्याच हातांनी ती कुलकुलांचे शंखासारखे गोड तुकडे वळायची, एकासारखा एक. हातांना काही झालं नव्हतं.

अंकल मात्र लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी साकीनाक्याला गेले. गाळ्यात तीच पोरं होती. धोंडिराम काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस तसंच झालं. आता तुझ्या पद्धतीने कर."

धोंडिरामने पोरांना चहा आणायला पिटाळलं. दोघांनी मिळून गाडी खोलली. पाइप सोडवले, तर आत राखाडी चिखल, बोटांत घेतला की चांदीच्या भुकटीसारखा चमकणारा. गाडीतल्या आधीच्या कंप्रेसरने टाकलेला चुरा, त्यानेच भंगारातल्या कंप्रेसरलाही संपवलं होतं. धोंडिरामने कंडेन्सर काढून टाकला, ड्रायर आणि वॉल्व्ह काढून टाकले, लाइन पुन्हा पुन्हा धुतली, पांढऱ्या फडक्यावर डाग पडेनासा होईपर्यंत. नवा कंप्रेसर खोक्यातून काढून अंकलच्या हातात दिला.

"तुम्हीच बसवा, उस्ताद."

"तू बसव. मी टॉर्च धरतो."

बोल्ट आवळता आवळता धोंडिराम खालूनच म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं. माणसं होती समोर, मला पण जरा चढली. एकट्याला सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही."

"तुझ्या हसण्याचं काही नाही रे," अंकल म्हणाले. "गाडी परत गरम झाली तेव्हा मी एकटाच होतो. तेव्हा तर कुणी हसत नव्हतं."

लाइनमधली हवा ओढून घेतली, तेल मोजून टाकलं, गॅस भरला. दाबाचा काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. धोंडिरामने अंकलना स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला लावली. दोघं बराच वेळ त्या बोळात बसून होते.

गाडी गार झाली, पण ती आता न्यायची कुठे? चर्चला, दवाखान्यात, बाजारात. अंकलनी मनाशी ठरवलं की आंटीला पुन्हा कामाला लावायचंच. आमच्या शेजारच्या इमारतीत पद्मजा बाई राहतात, शाळेत शिकवतात. त्यांच्या रुचिराचा साखरपुडा होता. त्यांनी अंकलना रस्त्यात गाठून विचारलं, "आंटी करतील का हो केक?" अंकल म्हणाले, "करेल ना, का नाही करणार!"

घरी सांगितलं तेव्हा आंटी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "माझ्या हातांचं 'हो' तू कसं म्हणून आलास, विन्सेंट?"

"गाडी आता एकदम नीट आहे, पॅट. धोंडिरामने स्वतः..."

"गाडीचं मी विचारलंच नाही."

अंकलना पद्मजा बाईंकडे परत जाऊन 'नाही' असं सांगावं लागलं. त्यांनी एका बेकरीतून केक मागवला.

त्याहून वाईट पुढे होतं. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात दोन बायका बोलत होत्या. "पॅटचा हात गेला गं आता. मनोरीला काय झालं ऐकलंस ना? अख्खा केक बसला." दुसरी म्हणाली, "वय झालं. कधीतरी थांबायला पाहिजेच." अंकल त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाहीत. आंटी समोरून येत होती, ते तिला घेऊन गाडीकडे वळले. आंटीच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की तिने हे आधीही ऐकलंय, आणि ती कधीच कुणाला म्हणाली नाही की केक बसला तो माझ्यामुळे नव्हे. इतके महिने तिने त्यांना झाकून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात ते एकटे मनोरीला गेले. गाडी घेतली नाही. मार्वेहून होडीत बसले. मला म्हणाले, "शुभा, खाडी एवढीशी गं. हातात परात धरून उभा राहिलो असतो तरी हात दुखायच्या आत पलीकडे पोचलो असतो."

मेहुण्याच्या घरी जोॲन आणि शेर्विनही आले होते. अंकलनी चहा घेतला नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. कंप्रेसर, धोंडिराम, फ्लायओव्हर, आदल्या संध्याकाळचा आंटीचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर, उत्तनचा बर्फ. "पॅटचा केक पक्का होता," ते म्हणाले. "मी त्याची वाट लावली. आणि वर तुम्हाला ट्रॅफिकचं सांगितलं."

 जोॲन उठून त्यांच्याजवळ आली. "अंकल, एवढं काय मनाला लावून घेताय? केकच तर होता. लग्न छान झालं ना आमचं?"

ती चांगल्या मनाने बोलली. पण अंकल सांगत होते, त्या एका वाक्याने ते आतून बसले. कपाटभर फुलं, पंखा बंद ठेवून काढलेले ते दिवस, आंटीचं सगळं शिकणं, आणि बाकीच्यांना तो केकच तर होता. ज्यांची क्षमा मागायला गेले त्यांचं फारसं काही गेलंच नव्हतं. जिचं गेलं ती घरी मरोळला होती.

परत येऊन त्यांनी आंटीला सांगितलं, "मनोरीला सगळं सांगून आलो."

आंटी टीव्ही बघत होती. "बरं केलंस," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "भावजय माझ्याशी नीट बोलत नव्हती. आता बोलेल." आणि आणखी थोड्या वेळाने, "तेव्हाच सांगायला पाहिजे होतंस. मला."

"हो."

"जेवायचं वाढू?"

पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात अंकलनी त्या दोन बायकांनाही गाठून सांगितलं म्हणे. त्यांना विषय आठवेना.

हे सगळं होऊन आता बरेच दिवस झाले. आंटी लग्नाचे केक करत नाही ते नाहीच. वाढदिवसाला माझ्या मुलीसाठी एक छोटा केक करून देते, साधा, वर काही नसलेला; चवीला तसा केक मी दुसरीकडे खाल्लेला नाही. धोंडिराम महिन्यातून एकदा येतो, बॉनेट उघडतो, उगाचच बघतो आणि चहा पिऊन जातो. दोघांमध्ये सगळं ठीक आहे. अंकल आणि आंटीमध्येही वरवर ठीक आहे. फक्त आंटी आता अंकलना कुठल्याही गोष्टीचं "नक्की ना?" असं विचारत नाही. स्वतःच जाऊन बघून येते. दूध तापलं का, दार लागलं का, गॅस बंद केला का. अंकलना ते कळतं. 

गेल्या महिन्यात आंटीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला घरी आणताना मी त्यांच्याबरोबर होते. दुपारची वेळ, बाहेर रखरखीत ऊन, आणि गाडीत इतकं गार की मी ओढणी खांद्यावर घेतली. आंटी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मागे टेकून बसली होती. अंकल दर सिग्नलला आवाज ऐकायला मान तिरकी करत होते. चकाल्याच्या सिग्नलला त्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि विचारलं, "पॅट, गार लागतंय ना? बरोबर आहे ना?"

आंटीने पट्टीवरून हात फिरवला. "बरोबर आहे," ती म्हणाली, "तू पुढे बघून चालव."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, तेव्हा अंकलनी गाडी पुढे घेतली.